गाण्याचा सातबारा

शेवगावात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, वारस नोंदीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं माझ्या हाताखालून जातं. नवे वकीलसुद्धा अडले की फोन करतात, "ताई, त्या कागदाची भाषा कशी असते हो?" त्यामुळं मला जरा माज होता, खोटं कशाला सांगू. कागद नीट केला की कुठलंही काम होतं, असं मी छाती ठोकून सांगायचे. हा माज एका गाण्यानं उतरवला, आणि तोही बारा दिवसांत.

गाणं माझं नव्हे, माझ्या सासूबाईंचं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यातली अठरा आम्ही दोघी आमटीत मीठ किती यावरून भांडत आलो. पण बाई खमकी. लग्नाआधी ती एका कलापथकात गायची. गावोगाव जाऊन दारूबंदीचं सांगायचं आणि मधेमधे लोकांच्या फर्माइशीची गाणी म्हणायची. तिच्याबरोबर तिच्याच वयाची एक मुलगी असायची, तिची जोडीदारीण. दोघींचं एक गाणं ठरलेलं होतं. मूळ रेकॉर्डवरचं, त्या काळात घराघरांत वाजणारं. त्यात दोन मैत्रिणी नदीवर भेटतात. एक विचारते, दुसरी उत्तर देते. विचारणारी आत्या, उत्तर देणारी जोडीदारीण.

दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली. जोडीदारीण बीडच्या पलीकडं गेली, आत्या इकडं आली. पुढं जोडीदारणीच्या सासरची माणसं पोट भरायला गाव सोडून गेली आणि माग लागेनासा झाला. चाळीस वर्षांच्या वर झाली, एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय. काढावी तर लागेलच. पण आवाज राहील याची खात्री देत नाही." ऑपरेशन बारा दिवसांनी, मंगळवारी ठरलं. आत्या माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत आली. मग उसाच्या रसाच्या गाड्याजवळ थांबली आणि म्हणाली, "आवाज जायचा आसंल तर जाऊ दे. पर त्येच्या आधी आमचं गाणं मोबाईलवर धाड. हिकडं तिकडं फिरत तिच्यापाशी जाईल. तिला कळंल, मी हाय म्हणून."

"एवढंच ना?" मी म्हणाले. एवढंच! माझ्या जिभेला हाड नाही.

त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या स्पीकरवर मूळ गाणं लावलं. विचारायच्या ओळी आल्या की आत्या रेकॉर्डच्या वरताण गायची, उत्तरं रेकॉर्डवरचीच. मी मोबाईलवर व्हिडिओ घेतला आणि दुकानाच्या चॅनलवर टाकला. या चॅनलवर मी कुठला फॉर्म कसा भरायचा ते दाखवते, त्यामुळं बघणारी माणसं बरी आहेत. सकाळी उठून पाहते तर व्हिडिओ गायब. गाण्याच्या मालकाची हरकत आली होती, आणि पुन्हा असं केलंत तर चॅनलवर कारवाई होईल अशी तंबी. मी मोबाईललाच चार शिव्या हासडल्या. आत्या चहाचा कप हातात धरून बघत होती. "मालक? गान्याला मालक कोन?" तिनं विचारलं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं, पण नाही म्हणायची सवय नव्हती ना.

आणि इथं मी जी अक्कल पाजळली ती फक्त सातबाऱ्याच्या गावातला माणूसच पाजळू शकतो. माझ्या डोक्यात कसेल त्याची जमीन. कूळ वर्षानुवर्षं जमीन कसत आलं की त्याचा हक्क लागतो. मग पंचेचाळीस वर्षं गाणं गाणाऱ्या बाईचा का लागू नये? बसले टाईप करायला. "सदर गीत मी गेली पंचेचाळीस वर्षे अखंडपणे, उघडपणे व कोणाच्याही हरकतीशिवाय गात आले असून..." झकास प्रतिज्ञापत्र झालं. आत्याची सही, दोन साक्षीदार, वर नोटरीचा शिक्का. स्कॅन करून रेकॉर्ड कंपनीला मेल केलं आणि मोठं काम उरकल्यासारखी मिसळ मागवली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. सदर गीत आपण दीर्घकाळ विनापरवाना सादर केल्याचे आपण लेखी मान्य केले आहे, याची नोंद घेण्यात आली आहे.

मी कपाळावर हात मारला. स्वतःच्या हातानं, तोही नोटरी करून, पायावर धोंडा मारून घेतला होता. आजारी सासूला मी लेखी चोर ठरवलं होतं. दुकानाचं शटर अर्धं ओढून खाली बसले. घरी कुणाला सांगितलं नाही. पत्राखाली नंबर होता, त्यावर फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती. आधी मी भांडले, मग रडले. तिनं दोन्ही शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावलं. मी ते माझ्या भाषेत लिहून घेतलं. गाण्याचाही सातबारा असतो. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, रेकॉर्ड तिसऱ्याचं. या गाण्याची चाल आणि रेकॉर्ड कंपनीच्या नावावर होतं, पण शब्द कवीनं कधीच कुणाला लिहून दिले नव्हते. मूळ रेकॉर्ड अजिबात वापरायचं नाही, नव्यानं वाजवून गायचं, फी भरायची, या अटींवर कंपनी परवानगी द्यायला तयार होती. ते प्रतिज्ञापत्र आम्ही बाजूला ठेवतो, म्हणाली बिचारी. "पण कवी वारलेत. त्यांच्या सगळ्या वारसांची लेखी संमती जोडा. सगळ्या, बरं का मॅडम."

सात दिवस उरले होते.

कवी कोपरगावकडचे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते, हे आत्यालाच ठाऊक होतं. त्या कारखान्यावर तिचं कलापथक गेलं होतं. दोन फोनांत त्यांच्या मुलाचा पत्ता लागला. डॉक्टरांनी आत्याला फार बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तरी गळ्याला मफलर गुंडाळून ती माझ्या आधी एसटीत जाऊन बसली.

मुलगा सत्तरीचा, तोही कारखान्यातून निवृत्त झालेला. मला वाटलं होतं हा आढेवेढे घेणार. कसलं काय! त्यानं चहा पाजला, डोळे पुसले. "वडलांच्या गान्याला कोनी इचारायला आलं, ह्येच लई झालं," म्हणाला. मी तयार करून नेलेल्या संमतीपत्रावर लगेच सही केली, आणि मी 'वारस' टाईप केलं होतं त्याच्या आधी स्वतःच्या पेनानं 'एकमेव' लिहिलं. मी मान वर केली. भिंतीवर एक जुना फोटो होता. कवी पेटीपुढं बसलेले, एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला दोन वेण्या घातलेली मुलगी.

"ह्या कोण?"

"बहीन. तिनं हक्कसोड दिलाय. तिचा आता कशात काय संबंध न्हाई."

कागद चोख असल्याचा त्याला अभिमान होता. मी न विचारता त्यानं हक्कसोडपत्राची झेरॉक्स माझ्यापुढं ठेवली. असे कागद मी इतके टाईप केलेत की डोळे मिटून वाचीन. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, राहतं घर, खाली बहिणीचा पत्ता आणि सही. गाण्याचा त्यात एक शब्द नव्हता. म्हणजे जमिनीतून ती गेली होती, गाण्यात मात्र निम्म्यानं उभी होती. सही केलेला कागद पिशवीत घातला, पाया पडले आणि निघाले. होय, गप्प बसले. हातात आलेलं कोण सोडतं?

एसटीत आत्यानं विचारलं, "काय झालं गं? त्वांड का पाडलंस?" माझ्या तोंडावर सगळं दिसतं, हा माझा जुना रोग. मी सांगून टाकलं.

"मग तिला इचार."

"आत्या, सहा दिवस राहिलेत! कंपनीला काय कळणार आहे? हा म्हणतोय ना मी एकटाच म्हणून. त्याच्या सहीवर काम होतंय. आणि ती नाही म्हणाली म्हणजे? भावाबहिणीचं बोलणं नसलं म्हणजे?"

"मग न्हाई तर न्हाई."

"मग बसा उगीमुगी! मी कशाला मरते धावून धावून?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की कंडक्टरनं वळून पाहिलं. आत्यानं तोंड खिडकीकडं केलं, ते नेवासा येईपर्यंत वळवलं नाही.

मला राग तिचा नव्हता आलेला. माझ्या भावांनी हक्कसोडावर माझी सही घेतली, तेव्हा तो कागद मीच टाईप केला होता. माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर. एक गट नंबर चुकला होता तो दुरुस्तही करून दिला. बहिणीनं हिस्सा घेतला की माहेर तुटतं म्हणतात. मला साडी नेसवली, पुरणपोळीचं जेवण घातलं. साडी चांगली होती. मी ती एकदाही नेसले नाही. आणि आज तीच मी दुसऱ्या एका बहिणीला चार दिवसांच्या सोयीसाठी पुसून टाकायला निघाले होते, वर आजारी बाईवर ओरडत होते. लाज वाटली. नेवाशाच्या स्टँडवर मी आत्यापुढं पाण्याची बाटली धरली. तिनं घेतली. आमच्यात माफी अशीच मागतात.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही दोघी हिवरे बाजाराच्या पुढं एका वस्तीवर गेलो. बहीण गोठ्यात होती, म्हशींपुढं कडवळ टाकत. आम्ही शेवगावाहून आलोय म्हटल्यावर तिनं हसून या म्हटलं, पण माझ्या हातात स्टॅम्पपेपर दिसला आणि तिचा चेहराच बदलला.

"परत सही? आता काय ऱ्हायलंय माज्याकडं?"

"ताई, ऐकून तर घ्या..."

"न्हाई ऐकायचं. सांगा जाऊन त्याला, मेले तरी आंगठासुद्दा न्हाई द्यायची." तिनं टोपली फेकली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी अंगणात उभी. पाच दिवस उरलेले. आत्या ओट्यावर टेकलेली, मफलर धरून खोकतेय. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दारापुढं कळलं. दुसरं काही सुचेना, म्हणून मी दाराला तोंड लावून भांडायलाच लागले. "अहो बाई, हा सोडायचा कागद नाही! हा तुमचा आहे म्हणून विचारायचा कागद आहे! तुमच्या वडलांच्या गाण्यात तुमचा निम्मा वाटा आहे. तुमच्या भावालाही ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही नाही म्हणालात तर माझ्या सासूला ते गाणं म्हणता यायचं नाही, आणि मंगळवारी तिचा आवाज जाणार आहे. म्हणा नाही! पण वाचून म्हणा!"

म्हैस रवंथ करत माझ्याकडं बघत होती. मग कडी निघाली.

तिनं मला उंबऱ्यावर बसवलं आणि कागद मोठ्यानं वाचायला लावला. 'सदर गीताच्या शब्दांची सहमालक या नात्याने' हे मी वाचलं, तिथं तिनं हात वर केला. "ह्ये परत वाच." मी परत वाचलं. तिनं पदराला हात पुसले, पुसतच राहिली. मग म्हणाली, "आजवर जे जे सही मागाय आले ते काडून घ्यायलाच आले. तू पयली बाई, ह्ये तुजं हाय म्हनून इचारायला आली."

माझ्याच्यानं पुढचं वाचवेना. आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

तिनं सही केली, वळणदार, शाळेतल्यासारखी. मग म्हणाली, "बाकीची गानी पन?" मी म्हणाले, व्हय, वडलांची सगळी, निम्मी तुमची. तेव्हा ती हसली. या कागदाची एक कॉपी लॅमिनेशन करून पाठव, एवढंच तिनं मागितलं.

एक घोडं अजून अडलं होतं. भावाच्या कागदावर 'एकमेव' होतं. दोघांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. तिनं माझ्याच मोबाईलवरून त्याला फोन लावला. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. "दादा, मी बोलते. वडलांच्या गान्याच्या कागदावर तू एकमेव लिवलंय म्हनं. त्यो शब्द खोड." मला वाटलं, आता फोन आपटतो आणि दिलेली सहीही मागं घेतो. आत्या माझा हात घट्ट धरून होती. शेवटी आवाज आला, "खोडतो. कागद हिकडं धाड." मी मूळ कागद दुसऱ्या दिवशी माणसाकरवी कोपरगावला धाडला. त्यानं तो शब्द खोडला, बाजूला सही केली आणि खाली आपणहून लिहिलं, 'वारस: मी व माझी बहीण.'

दोन्ही कागद, फीसकट, त्याच शुक्रवारी संध्याकाळी मेलनं कंपनीला गेले. शनिवार-रविवार तिकडं सुट्टी. सोमवारी संध्याकाळी आत्याला दवाखान्यात भरती व्हायचं होतं, आणि सोमवारी सकाळी दहाला आम्ही नगरच्या एका छोट्या स्टुडिओत जाऊन बसलो. स्टुडिओवाला सज्जन, पण एकदा पोळलेला. "परवानगीचा मेल दाखवा, मगच माईक चालू," म्हणाला. पेटीवाला आणि ढोलकीवाला आले, चहा झाला, परत चहा झाला. अकरा. बारा. आत्यानं सकाळपासून तोंडातून शब्द काढला नव्हता, आवाज जपून ठेवत होती. कोमट पाण्याच्या गुळण्या तेवढ्या करत होती. मी देव पाण्यात घालून बसले होते. दर मिनिटाला मोबाईल बघायचा. दीड वाजता मी त्या मुलीला फोन लावला, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाली. अडीच. दवाखान्यातून फोन, पाचपर्यंत या. मला वाटलं, आता भिंतीवर डोकं आपटावं.

सव्वातीनला मेल आला. मी वाचलाच नाही, तसाच मोबाईल स्टुडिओवाल्याच्या नाकापुढं धरला.

आत्या उभी राहिली, मफलर काढला आणि गायली. आवाज घोगरा होता, वर गेला की तडकायचा, पण सूर सोडला नाही बाईनं. विचारायची ओळ झाली की ती थांबायची आणि उत्तराच्या ओळीइतका वेळ तोंड मिटून उभी राहायची. मूळ रेकॉर्ड लावायचं नव्हतं, त्यामुळं तिथं नुसती पेटी आणि ढोलकी. स्टुडिओवाला म्हणाला, "आजी, उत्तराच्या ओळी मोकळ्या वाटतात. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, अर्ध्या तासात येईल." आत्यानं मान हलवली. "न्हाई. ती जागा हाय तिची." तिच्या मूळच्या आवाजातलं तिचं शेवटचं बोलणं म्हणजे एवढंच.

गाठ निघाली. जीव वाचला, आवाज गेला. आता ओठ हलतात आणि वारा येतो फक्त. पहिले काही दिवस मला घरात फार चुकल्यासारखं व्हायचं. आमटीत मीठ जास्त झालं तरी कुणी बोलेना. एकदा मी मुद्दाम खारट केली. तिनं ताट सरकवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

गाणं आम्ही चॅनलवर टाकलं. शब्द कुणाचे, वारस कोण, परवानगी कुणाची, सगळं खाली लिहिलं. सगळ्यात शेवटी आमच्या दुकानाचा नंबर. लोकांनी ऐकलं, पुढं पाठवलं. मधल्या ओळी गायच्या राहिल्यात, एडिटिंग चुकलंय, असंही बरेच जण सांगून गेले. आत्या रोज सकाळी माझ्याकडं बघून भुवया वर करायची. मी मान हलवायचे. दीड महिना हेच चाललं.

मग एका दुपारी दुकानाच्या नंबरवर अनोळखी माणसाचा व्हॉइस मेसेज आला. नाव नाही, नमस्कार नाही. मागं आमचंच गाणं बारीक वाजत होतं. आत्याची ओळ संपली आणि त्या मोकळ्या जागेत एक म्हातारा, थरथरता आवाज उत्तर द्यायला लागला. एकही जागा चुकली नाही. शेवटी खोकला आला, आणि मग बोलणं, तिकडच्या हेलात: "दुसऱ्या कडव्याला घाई केलीस बग. तवाबी करायचीस."

मी दुकान तसंच टाकून घरी पळाले. आत्या लसूण सोलत होती. मी तिच्या कानाशी मोबाईल धरला. पहिल्या उत्तराला तिचा हात थांबला. शेवटचं ते वाक्य आलं तेव्हा ती तोंड उघडून हसली, खांदे हलले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि आवाज काही नाही. तिनं बोटानं खूण केली, परत लाव. मी परत लावलं. चार वेळा लावलं.

एवढ्यात नवरा आला. त्यानंही ऐकलं आणि उसळलाच. "अगं, हे दोन्ही जोडून टाक की चॅनलवर! आत्ताच्या आत्ता टाक!" माझाही अंगठा गेलाच होता मोबाईलवर.

आत्यानं माझं मनगट धरलं, लसणाच्या हातानं, दुखेल इतकं घट्ट. मान जोरात हलवली. मग मोबाईलवरच्या त्या अनोळखी नंबरवर बोट टेकवलं आणि ओठांनी, सावकाश, मला कळेपर्यंत दोनदा म्हणाली, "आदी तिला इचार."